पदार्थ वाटून घेणे आणि काम वाटून घेणे

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या की इंदूरच्या मराठी घरांत फोन सुरू होतात आणि प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य हमखास येते : "यंदा स्वयंपाक वाटून घेऊ." बोलणारी आणि ऐकणारी दोघीही लगेच हो म्हणतात, मात्र एकीला वाटते की प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा आहे, तर दुसरी असे धरून चालते की सकाळी सगळ्यांनी एका घरी जमून हातोहात स्वयंपाक उरकायचा आहे. आमच्याकडे एका वर्षी मामी बटाट्याच्या भाजीचे भरलेले पातेले घेऊन आल्या आणि धाकटी जाऊ पिशवीत नुसती विळी घालून आली. तिच्या नावावर टाकलेली लाल भोपळ्याची भाजी कोणीच केलेली नव्हती.

पदार्थ वाटले की त्यांबरोबर खर्च, गॅस आणि खरकटी भांडीही वाटली जातात, त्यामुळे ज्या घरी जेवण असते तिथल्या बाईला उसंत मिळते. पंचामृत, चटण्या आणि श्रीखंड राजेंद्र नगरहून विजय नगरपर्यंत स्कूटरवरही सुखरूप पोचतात. भजी मात्र वाटेतच मऊ पडतात आणि कोशिंबिरीला पाणी सुटते.

खरी अडचण येते ती एकमेकांत गुंतलेल्या पदार्थांची. पुरण आत्याकडे आणि कटाची आमटी काकूंकडे, अशी वाटणी कागदावर समसमान दिसते. पण हरभऱ्याची डाळ शिजल्यावर निथळून घेतलेला कट आत्याच्याच पातेल्यात राहतो, आणि काकूंना आमटीपुरती वेगळी डाळ शिजत घालावी लागते. ही जोडी एकाच घरी द्यावी. पोळ्यांचे गणितही तसेच आहे. एक किलो डाळीच्या पुरणात मध्यम आकाराच्या साधारण ४० पोळ्या होतात, म्हणजे ३० माणसांना दोन-दोन पोळ्या वाढायच्या तर दीड किलो डाळ लागते; आणि एका पोळीला अडीच मिनिटे धरली तरी एकट्या बाईला एका तव्यासमोर अडीच तास उभे राहावे लागते. इथे काम वाटून घेणे कितीतरी सोयीचे ठरते, कारण एकीने उंडे भरले, दुसरीने लाटले आणि दोघींनी दोन तवे सांभाळले की तेच काम सव्वा तासात आटोपते. भुट्ट्याचा कीसही याच प्रकारात मोडतो : कोवळे भुट्टे किसायला पुरुषमंडळींना बसवावे (बोटे सांभाळून) आणि कीस पडताच तो तुपावर परतायला घ्यावा.

आणखी एक भेद सोवळ्याचा आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर महालक्ष्मींचे पूजन होते, आणि त्या दिवशीचा नैवेद्य पुष्कळ घरांत त्याच घरच्या चुलीवर, सोवळ्यात शिजलेला लागतो. सोळा भाज्या कितीही जणींनी मिळून निवडल्या आणि चिरल्या तरी चालतात. बाहेरून शिजून आलेली भाजी मात्र नैवेद्याच्या पानात जात नाही, फार तर नंतर पंगतीत वाढली जाते. त्यामुळे या दिवशी काम वाटावे. भाऊबीजेच्या जेवणाला असे बंधन नसते, म्हणून तिथे पदार्थ वाटायला काहीच हरकत नाही. काम वाटताना एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे सामानाचा खर्च. तो एकाच घरावर पडू नये म्हणून आम्ही डाळ, गूळ आणि तूप आधीच वाटून आणवतो.

आता आमच्या निरोपात प्रत्येकीच्या नावापुढे "करून आणणे" किंवा "करायला येणे" असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि येणारीच्या पुढे सकाळची वेळही असते. धाकट्या जावेसाठी मात्र खाली एक ओळ वाढवावी लागते : विळी घरात आहे, आणू नये.