‘अरिहंत’ रखडली ती अणुभट्टीपायी

26 जुलै 2009 रोजी, कारगिल विजय दिनी, विशाखापट्टणमच्या गोदीत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी ‘अरिहंत’वर नारळ फोडला आणि भारताने अण्वस्त्रवाहू पाणबुडी बांधल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात त्या दिवशी तिची अणुभट्टी सुरूही झालेली नव्हती. ती पेटली 10 ऑगस्ट 2013 रोजी, आणि नौदलात पाणबुडी दाखल झाली 2016 मध्ये, तीही कसलाही गाजावाजा न करता.

सगळी रखडपट्टी समजून घ्यायची तर भट्टीपासूनच सुरुवात करावी लागते. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी वरचेवर पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि तिथेच ती शत्रूला सापडते. अणुशक्तीवरच्या पाणबुडीला ही गरज नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठीचे प्रयत्न सत्तरच्या दशकातच सुरू झाले होते. पण आपल्या वीजकेंद्रांतल्या बहुतेक भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या, अवाढव्य. पाणबुडीत भट्टी बसवायची तर ती आटोपशीर हवी, म्हणजे इंधन समृद्ध युरेनियमचे, म्हणजे ज्यातला ऊर्जा देणारा अंश वाढवला आहे अशा युरेनियमचे हवे. शिवाय लाटांवर हेलकावे खात असताना तिची शक्ती झटपट कमीजास्त करता यायला हवी. युरेनियम समृद्ध करण्याचे काम म्हैसूरजवळच्या रट्टेहळ्ळीत झाले. भट्टीचा जमिनीवरचा नमुना कल्पक्कमला उभारला गेला आणि 2006 पासून पूर्णपणे चालू लागला. अरिहंतमधली भट्टी सुमारे 83 मेगावॅटची आहे. रशियाची मदत मोलाची ठरली. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी 2009 मध्ये रशियन सहकाऱ्यांचे जाहीर आभार मानले होते.

प्रकल्पाचे नाव मात्र ‘प्रगत तंत्रज्ञान नौका’ असे, मुद्दामच काही न सांगणारे. सांगाड्याचे भाग लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात घडवले. गिअरबॉक्स महाराष्ट्रातून, पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरहून गेला. खलाशांचा सराव व्हावा म्हणून सोव्हिएत संघाकडून 1988 मध्ये ‘चक्र’ ही अणुशक्तीवरची पाणबुडी तीन वर्षांसाठी भाड्याने घेतली होती, पण तिच्यावर अण्वस्त्रे नव्हती.

मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर या खटाटोपाला स्पष्ट हेतू मिळाला. अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, हे धोरण 2003 मध्ये अधिकृत झाले. पहिला घाव सोसायचा ठरवले, की उलटा घाव घालणारे काहीतरी वाचले पाहिजे. जमिनीवरचे तळ उपग्रहांना दिसतात, खोल पाण्यातली पाणबुडी सहसा दिसत नाही.

इथेच अरिहंतची लंगडी बाजू येते. सुमारे 6,000 टनांच्या या पाणबुडीत प्रक्षेपणनळ्या चारच. त्यांत बारा के-15 क्षेपणास्त्रे मावतात, पण त्यांचा पल्ला जेमतेम 750 किलोमीटर. बंगालच्या उपसागरातून एवढ्या पल्ल्याने चीनमधली मोठी शहरे गाठता येत नाहीत, आणि पाकिस्तानसाठी अरबी समुद्रात किनाऱ्याच्या बरेच जवळ जावे लागते. म्हणून माझ्या मते ती धाक घालणारे शस्त्र कमी आणि शिकण्याची नौका जास्त होती. तिची पहिली प्रतिरोधक गस्त, म्हणजे शत्रूला धाक बसावा म्हणून घातलेली गस्त, पूर्ण झाल्याचे पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केले. सुमारे 3,500 किलोमीटर पल्ल्याच्या के-4 ची पाणबुडीतून चाचणी झाली ती नोव्हेंबर 2024 मध्ये, ‘अरिघात’ या दुसऱ्या पाणबुडीवरून. ती त्याच वर्षी 29 ऑगस्टला दाखल झाली होती.