डिस्कची कायम नावे (लिनक्स)

संगणक कितीही वेळा बंद-चालू केला तरी तीच डिस्क त्याच नावाने सापडावी, यासाठी लिनक्समध्ये असलेली व्यवस्था. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतो. पंगतीत आधी येईल त्याला पहिला पाट, तसे हे आहे. उपकरणे चालवणारे प्रोग्राम (ड्रायव्हर) एकाच वेळी शोध घेत असल्यामुळे किंवा नवी डिस्क जोडल्यामुळे क्रम बदलू शकतो.

समजा, कोथरूडमधल्या एका सीएच्या ऑफिसात एसडीबी म्हणजे बॅकअपची डिस्क असे धरून रात्रीची स्क्रिप्ट लिहिलेली आहे. मार्चअखेरीस जागा कमी पडते, तापकीर गल्लीतून नवी डिस्क येते, मशीन पुन्हा सुरू होते. आता एसडीबी हे नाव अशिलांच्या हिशेबांच्या डिस्कला मिळाले आहे आणि स्क्रिप्टची पहिली ओळ एसडीबी फॉरमॅट करते. मशीन बूट न होणे एक वेळ परवडते, हे परवडत नाही.

म्हणून ओळख डिस्कवरूनच वाचायची. 2003 मध्ये आलेला यूडेव्ह हा उपकरणे सांभाळणारा प्रोग्राम डिस्क सापडताच तिच्यासाठी चार-पाच प्रकारचे दुवे, म्हणजे पर्यायी नावे, तयार करतो. काही मॉडेल आणि सिरीयल नंबरावरून, काही ती कोणत्या पोर्टला लावली आहे त्यावरून, काही लेबलवरून. लेबल वाचायला सोपे, पण दोन डिस्कना ‘बॅकअप’ हेच लेबल सहज दिले जाते. सर्वांत भरवशाचा यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख-क्रमांक. फॉरमॅट करताना फाइल सिस्टीममध्येच (डिस्कवर फाइली मांडण्याच्या रचनेत) लिहिला जाणारा हा 128 बिटांचा आकडा 36 अक्षरांत दिसतो. पेन ड्राइव्हवरच्या फॅट प्रकारात मात्र जेमतेम 8 अंक असतात. ‘बीएलकेआयडी’ कमांडने यूयूआयडी पाहून एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) एसडीबीच्या जागी लिहायचा. काढ-घाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडू नको) जरूर घालावे. नाहीतर ती जोडलेली नसताना मशीन सुरू करणारी सिस्टमडी सहसा 90 सेकंद वाट पाहून ते इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, नेते.

रूट पार्टिशनचा (ज्या भागावर मूळ सिस्टीम असते त्याचा) यूयूआयडी कर्नलला स्वतःहून कळत नाही, ते काम बूट होताना आधी मेमरीत चढणारी छोटी सिस्टीम, इनिटरामएफएस, करते. ते नसेल तर पार्टिशनचा वेगळा आकडा, पार्टयूयूआयडी, द्यावा लागतो.

‘डीडी’ कमांडने डिस्कची हुबेहूब प्रत काढली की यूयूआयडीचीही प्रत होते. एक्सएफएस या प्रकारची फाइल सिस्टीम अशी जुळी सोबत माउंट करायला (वापरासाठी जोडायला) नकार देते. ईएक्सटी4 हा दुसरा प्रकार तसे अडवत नाही आणि दोन्हींपैकी कोणतीही माउंट होऊ शकते. त्यामुळे प्रत काढल्यावर मूळ डिस्क जोडलेली असतानाच मशीन पुन्हा सुरू करू नये, आधी ‘ट्यून2एफएस’ या ईएक्सटी4 च्या कमांडने प्रतीला नवा आकडा द्यावा.