अमेरिकेतल्या नगरपालिका पॅट्रिअट अ‍ॅक्टला कशा भिडल्या

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने फेब्रुवारी २०१९ मध्ये एफबीआयच्या दहशतवादविरोधी संयुक्त पथकातून आपले पोलीस काढून घ्यायचं ठरवलं. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. नगरपालिकेने केंद्रीय यंत्रणेला असं तोंडावर नाही म्हणणं आपल्याला विचित्रच वाटेल. मुंबईच्या महापौरांना साध्या हवालदाराची बदलीही करता येत नाही, कारण पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. अमेरिकेत बहुतेक शहरांचे पोलीस शहराच्याच पगारावर असतात. या वादाचं मूळ तिथे आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दीड महिन्यातच, २६ ऑक्टोबरला, तपास यंत्रणांचे पाळतीचे आणि झडतीचे अधिकार वाढवणाऱ्या पॅट्रिअट अ‍ॅक्टवर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. सिनेटमध्ये विरोधात एकच मत पडलं, विस्कॉन्सिनच्या रस फाइनगोल्ड यांचं. पुढे दोन कलमं लोकांच्या डोळ्यांत खुपली. कलम २१३ मुळे घराची झडती आधी गुपचूप घ्यायची आणि मालकाला मागाहून कळवायचं, अशी सोय झाली. कलम २१५ मुळे गुप्त न्यायालयाचा आदेश आणून कुणाच्याही नोंदी मागवता येऊ लागल्या, अगदी ग्रंथालयातून कुणी कोणती पुस्तकं नेली त्याच्याही. वर ग्रंथपालाला याबद्दल ब्र काढायची बंदी.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या ग्रंथालयांनी यावर २००३ मध्ये साधा उपाय काढला. तुमच्या नोंदी केंद्राचे अधिकारी मागवू शकतात आणि ते तुम्हाला सांगायची आम्हाला मनाई आहे, असे फलक त्यांनी लावले. जपून ठेवायची गरज नसलेले कागद रोजच्या रोज यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या होऊ लागल्या. जे ठेवलंच नाही, ते देणार कुठून?

या कायद्याच्या विरोधात नगरपालिकांनी ठराव करायची सुरुवात याच्या आधीच झाली होती. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरने जानेवारी २००२ मध्ये पहिला ठराव केला. पाठोपाठ बर्कली, नॉर्थॅम्प्टन अशी विद्यापीठांची आणि डाव्या वळणाची गावं आली. एवढ्यावर थांबलं असतं तर वॉशिंग्टनने दुर्लक्ष केलं असतं. पण मग अलास्का, मोंटाना, आयडाहो या, बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या राज्यांच्या विधिमंडळांनीही असेच ठराव केले, आणि पाहता पाहता गावं-शहरं-जिल्ह्यांचा आकडा चारशेच्या आसपास गेला. बंदूक बाळगणारा शेतकरी आणि युद्धविरोधी प्राध्यापक सरकारच्या एकाच कायद्यावर चिडले होते.

बहुतेक ठराव म्हणजे निषेधाचा कागद. उत्तर कॅलिफोर्नियातल्या आर्केटा या छोट्या गावाने मात्र २००३ मध्ये थेट स्थानिक कायदा केला: पॅट्रिअट अ‍ॅक्टखालच्या तपासाला नगरपालिकेच्या खातेप्रमुखाने आपणहून मदत केली, तर त्याला ५७ डॉलर दंड. रक्कम हसण्यासारखी आहे, पण ‘आपणहून’ हा शब्द कुणीतरी कायदा नीट वाचून घातला आहे. न्यायालयाचा आदेश मोडता येत नाही. मात्र केंद्राच्या कामासाठी स्थानिक अधिकाऱ्याला जुंपता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिन्ट्झ खटल्यात दिला होता. तो खटला बंदूक खरेदीदारांची चौकशी करायला नकार देणाऱ्या शेरीफांनी, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या पोलीस प्रमुखांनी, जिंकला होता! आणि ही कल्पना त्याहूनही जुनी. पळालेल्या गुलामांना पकडायला राज्यांच्या अधिकाऱ्यांवर सक्ती करता येणार नाही, हे याच न्यायालयाने १८४२ मध्ये म्हटलं होतं.

पोर्टलंडच्या नकाराला आणखी एक आधार होता. गुन्ह्याशी थेट संबंध नसेल तर कुणाच्या राजकीय वा धार्मिक मतांची माहिती पोलिसांनी गोळा करू नये, असा ओरेगनचा १९८१ चा कायदा आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये केंद्राने देशभरातल्या सुमारे पाच हजार परदेशी तरुणांच्या मुलाखती घ्यायला सांगितलं, तेव्हा पोर्टलंड पोलिसांनी याच कायद्याकडे बोट दाखवून हात वर केले. हा कायदा किती गरजेचा होता ते पुढच्याच वर्षी दिसलं. शहर पोलिसांनी जमवलेल्या जुन्या गुप्त फायलींची खोकी एका अधिकाऱ्याने नष्ट न करता घरी नेऊन ठेवली होती, असं स्थानिक वृत्तपत्राने उघड केलं. पाळत होती कुणावर? इतरांबरोबर किराण्याच्या सहकारी दुकानावरही.

मग मे २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांच्या तपासात, बोटाच्या ठशाच्या चुकीच्या जुळणीवरून, एफबीआयने पोर्टलंड भागातल्या एका मुस्लिम वकिलाला उचललं. त्याच्या घराची गुपचूप झडती आधीच झाली होती. ठसा दुसऱ्याचाच असल्याचं स्पेनच्या पोलिसांनी सांगितल्यावर, अटकेनंतर दोन आठवड्यांनी, तो सुटला. पुढे सरकारने माफी मागितली आणि वीस लाख डॉलर भरपाई दिली.

२००५ मध्ये महापौर टॉम पॉटर यांनी एफबीआयकडे मागणी केली, की पथकात माझे पोलीस काय करतात हे कळण्याएवढी गुप्त माहिती पाहायची परवानगी मलाही द्या. पॉटर स्वतः शहराचे माजी पोलीस प्रमुख, तरी त्यांनाही हव्या त्या पातळीची परवानगी मिळाली नाही. शहराने चार विरुद्ध एक मतांनी पथक सोडलं. २०११ मध्ये अर्धवट समेट झाला, २०१५ मध्ये शहर पुन्हा आत गेलं आणि २०१९ मध्ये पुन्हा बाहेर पडलं. त्याआधी २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोही बाहेर आलं होतं. पोर्टलंडच्या शेवटच्या ठरावानेही एफबीआयला दार पूर्ण बंद केलेलं नाही. शहराचे पोलीस मदत करतात, पण प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून.