कारशेड (मुंबई उपनगरी रेल्वे)

कारशेड : लोकल गाड्या उभ्या करण्याची, धुण्याची, तपासण्याची व दुरुस्त करण्याची जागा. हा शब्द घरोघरी पोचला तो २०१९ मध्ये, आरे वसाहतीत मेट्रो-३ च्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली तेव्हा. तो वाद जागेचा होता. अशा शेडमध्ये नेमके काय चालते, हे त्यात कुणी फारसे विचारले नाही. मुंबईत ते काम तोवर नव्वदहून अधिक वर्षे चालत आलेले होते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली. या गाड्यांची देखभाल कुर्ल्याच्या कारशेडमध्ये होऊ लागली. पुढे मध्य रेल्वेच्या कळवा व सानपाडा, तर पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल, कांदिवली व विरार येथील शेड त्यात मिळाल्या. ठरावीक मुदतीनंतरची मोठी दुरुस्ती, म्हणजे डबा बोगीवरून (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीवरून) उचलून सगळे सुटे करण्याचे काम, मात्र शेडमध्ये होत नाही. त्यासाठी माटुंगा आणि महालक्ष्मी येथील कारखाने आहेत.

शेडच्या कामाला वेळेची मर्यादा असते. शेवटची लोकल मध्यरात्र उलटून गेल्यावर पोचते आणि पहिली पहाटे चारच्या आसपास सुटते. सकाळची गर्दी ओसरल्यावर काही रेक (एकत्र जोडलेल्या डब्यांच्या पूर्ण गाड्या) बाजूला काढता येतात, बाकीचे काम रात्रीच उरकावे लागते. रेक पिटलाइनवर घेतला जातो. तिथे रुळांमधली जागा खोल खणलेली असते, त्यामुळे फिटर गाडीच्या पोटाखाली उभा राहून ब्रेक, स्प्रिंगा, मोटरी आणि सैल झालेले नट-बोल्ट पाहू शकतो. छतावर चढायचे असेल तर आधी वरच्या तारेतील वीज बंद करून ती तार जमिनीशी जोडावी लागते, आणि लेखी परवाना हातात आल्याशिवाय कुणी शिडीला पाय लावत नाही. वर पॅन्टोग्राफची, म्हणजे तारेला टेकून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याची, पट्टी तपासायची असते. वरची तार सरळ रेषेत नसून किंचित नागमोडी ताणलेली असते, ती याच पट्टीसाठी. सरळ असती तर तिने एकाच जागी खाच पाडली असती.

सर्वांत जास्त लक्ष चाकांवर असते. जोरात ब्रेक लागून चाक फिरायचे थांबले आणि घसरले, की त्याचा तेवढा भाग सपाट होतो. मग गाडी ठक्-ठक् वाजत धावते. हा आवाज रोजच्या प्रवाशालाही ओळखता येतो, फक्त त्याचे कारण त्याला माहीत नसते. अशी चाके गाडीखालून न काढताच, खड्ड्यात बसवलेल्या लेथवर (धातू कातणाऱ्या यंत्रावर) पुन्हा गोल करता येतात. प्रत्येक वेळी चाकाची जाडी थोडी घटते, आणि एका मर्यादेनंतर ते बदलावेच लागते.

या कामाचा पोत गेल्या दोन दशकांत बदलला. जुन्या गाड्या १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालत. त्यांच्या मोटरींत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश असत. ते झिजत, त्यांची काळी भुकटी मोटरभर पसरत असे, आणि ती साफ करण्यात कामगारांचे हात व कपडे काळे होत. २००७ पासून थ्री-फेज (तीन तारांतून वीज घेणाऱ्या) मोटरींच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांना ब्रशच नाहीत. शिवाय ब्रेक लावताना या मोटरीच वीज तयार करून तारेत परत पाठवतात, त्यामुळे चाकांवर दाबले जाणारे ब्रेक ब्लॉकही कमी झिजतात. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये व हार्बरवर सर्वांत शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये, २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज आली आणि डीसीचे युग संपले. पूर्वी जुना फिटर आवाजावरून व वासावरून दोष सांगे, आता गाडीतला संगणकच बिघाडाची नोंद ठेवतो. अर्थात स्प्रिंगेला गेलेला तडा अजूनही बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनीच शोधावा लागतो.

पावसाळा हा वेगळा हंगाम. मोटरी डब्याखाली असल्याने रुळांवर पाणी चढले की त्या धोक्यात येतात, म्हणून त्याआधीच झाकणे, केबल व जोड पाणीबंद करून घेतले जातात. २६ जुलै २००५ च्या पुरापुढे मात्र अशी तयारी अपुरी पडली; अनेक गाड्या जागीच पाण्यात अडकल्या आणि नंतर त्यांच्या मोटरी वाळवून, तपासून घ्याव्या लागल्या.

शेडमधले हुद्दे खलाशी, फिटर, सुपरवायझर असे चढत जातात. ‘खलाशी’ हा जहाजावरचा शब्द रेल्वेत कसा रुळला, हे खरे तर वेगळ्या नोंदीचे काम आहे. आयटीआय झालेली मुले अप्रेंटिस म्हणून काम शिकतात, पण शिकले म्हणजे नोकरी मिळतेच असे नाही. याच प्रश्नावर २० मार्च २०१८ रोजी अप्रेंटिस उमेदवारांनी माटुंगा-दादर दरम्यान रूळ अडवले होते.

नव्या गाड्यांबरोबर नव्या अडचणीही आल्या. पहिली एसी, म्हणजे वातानुकूलित, लोकल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडमध्ये दाखल झाली, पण मध्य रेल्वेवरच्या कमी उंचीच्या पुलांखालून ती जाईना. ती पश्चिम रेल्वेला देण्यात आली आणि २५ डिसेंबर २०१७ पासून प्रवाशांसाठी धावू लागली. आपोआप मिटणारी दारे हा तिच्या देखभालीतला नवा विषय. साध्या लोकलचे दार प्रवासी उघडेच ठेवत, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा असा प्रश्न आधी कधी आलाच नव्हता.