वजन घटवणारी औषधे आणि स्त्रियांची केसगळती

सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड यांसारखी भूक मंदावून वजन घटवणारी इंजेक्शनची औषधे घेत असताना काही स्त्रियांचे केस काही महिने नेहमीपेक्षा बरेच अधिक गळतात. बहुतेकींच्या बाबतीत ही गळती ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ या प्रकारात मोडते. तीत केस डोक्यावर सर्वत्र सारखे विरळ होतात, डोक्याच्या त्वचेवर चट्टे किंवा व्रण उमटत नाहीत, केसांची मुळे शाबूत राहतात आणि कारण दूर झाल्यावर केस परत येतात. औषध थेट केसांच्या मुळांना इजा करते असा पुरावा आजवर मिळालेला नाही. वजन उतरण्याचा वेग आणि त्या काळात पोटात कमी पडलेले अन्न ही या गळतीची मुख्य कारणे मानली जातात, आणि ती आवरण्याचे उपायही बव्हंशी तेथेच शोधावे लागतात.

केसांचे चक्र : माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस स्वतःच्या स्वतंत्र चक्रातून जातो. वाढीची अवस्था, म्हणजे ॲनाजेन, साधारण २ ते ६ वर्षे चालते. मग दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था येते आणि त्यानंतर सुमारे ३ महिन्यांची विश्रांतीची अवस्था, म्हणजे टेलोजेन. या शेवटच्या अवस्थेच्या अखेरीस जुना केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असल्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक समजले जाते. बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, तीव्र ताप, उपासमार अशा प्रसंगी शरीर तातडीची नसलेली कामे बाजूला ठेवते. वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. पुढे १९७६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अतिकडक आहारनियंत्रणाने झपाट्याने वजन उतरवलेल्या रुग्णांमधील केसगळतीची नोंद प्रसिद्ध झाली. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, हेही शल्यविशारदांना दीर्घकाळ ठाऊक आहे. म्हणजे आज इंजेक्शनांच्या नावावर टाकली जाणारी ही तक्रार त्या इंजेक्शनांपेक्षा बरीच जुनी आहे.

या साखळीतला कालावधीचा धागा सुटला की निदानाचा गोंधळ सुरू होतो. आज कंगव्यात आलेला गुंतवळ हा दोन-तीन महिन्यांपूर्वी घडलेल्या गोष्टीचा परिणाम असतो. सेमाग्लुटाइडची मात्रा आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत साधारण चार महिन्यांनी २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन किमान चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवले जाते. त्यामुळे केस गळू लागण्याची वेळ आणि मात्रा नुकतीच वाढवल्याची वेळ पुष्कळदा एकत्र येते. वाढवलेल्या मात्रेला दोष दिला जातो. प्रत्यक्षात मळमळीपायी जेवण निम्म्यावर आलेले पहिले आठवडे त्यामागे असण्याचा संभव अधिक असतो.

चाचण्यांतील आकडे : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइडला, म्हणजे वेगोवीला, जून २०२१ मध्ये आणि टिर्झेपॅटाइडला, म्हणजे झेपबाउंडला, नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. वेगोवीच्या माहितीपत्रकानुसार चाचण्यांतील प्रौढांपैकी औषध घेणाऱ्या ३ टक्के आणि औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्या १ टक्का व्यक्तींनी केसगळतीची तक्रार केली. टिर्झेपॅटाइडच्या बाबतीत हे प्रमाण मात्रेनुसार ४ ते ५ टक्के आढळले. टिर्झेपॅटाइडच्या माहितीपत्रकातील स्त्री-पुरुषांची फोड अधिक बोलकी आहे. औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी ७.१ टक्के, तर पुरुषांपैकी अवघ्या ०.५ टक्क्यांनी ही तक्रार नोंदवली. औषध घेणाऱ्यांपैकी कोणीही केवळ केसांसाठी उपचार सोडला नाही, अशीही नोंद तेथे आहे आणि केसगळतीचा संबंध वजन घटण्याशी असल्याचे तेथे स्पष्ट म्हटले आहे. टिर्झेपॅटाइडने ७२ आठवड्यांत सरासरी १५ ते २१ टक्के आणि सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सुमारे १५ टक्के वजन उतरले होते. ज्या औषधाने वजन अधिक उतरते त्याच्या बाबतीत केसांच्या तक्रारीही अधिक, हा क्रम या विधानाशी जुळतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडची तुलना नालट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या वजनघटीच्या औषधाशी केली, तेव्हा स्त्रियांमध्ये केसगळतीची जोखीम सुमारे दुप्पट दिसली. मात्र या दोन औषधांनी उतरणारे वजनच सारखे नसते. त्यामुळे तो फरक औषधाचा की वजनघटीचा, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही.

स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक का, याचे एकच उत्तर नाही. चाचण्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे वजन टक्केवारीने अधिक उतरलेले दिसते. मासिक पाळीमुळे स्त्रियांचा लोहसाठा मुळातच तुटपुंजा असतो. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बोलीतला ‘पीसीओएस’ हा अंडाशयाशी संबंधित हॉर्मोनचा विकार, असलेल्या अनेक स्त्रियांना हॉर्मोनजन्य केसगळती आधीपासूनच असते. ती हळूहळू चाललेली असल्याने ध्यानात आलेली नसते आणि नव्या गळतीने एकदम उघडी पडते. शिवाय लांब केस गळलेले चटकन दिसतात, स्नानगृहाच्या जाळीवर अडकतात. तक्रार नोंदवली जाण्यातला काही फरक या साध्या कारणाचाही असावा.

भारतातील संदर्भ : टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. येथे हे औषध ज्या शरीरात जाते तेथे पोषणाची तूट बहुधा आधीच असते, ही गोष्ट परदेशी सल्लापत्रके वाचताना विसरून चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. लठ्ठपणा आणि रक्तक्षय एकाच स्त्रीमध्ये नांदू शकतात, कारण उष्मांक भरपूर असलेले जेवण लोह आणि प्रथिनांनी भरलेले असेलच असे नाही. शाकाहारी स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्यात पीसीओएस किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर ती वाढते. अशा स्थितीत भूक मंदावली की ताटातून आधी काय जाते, हे पाहण्यासारखे असते. चहा-बिस्किटे आणि चार घास भात राहतात. उसळ, वरण, अंडी, मासे जड वाटतात म्हणून बाजूला सारले जातात.

तपासणी : उपचार सुरू करण्यापूर्वीच हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या तपासण्या झालेल्या असणे सर्वांत सोयीचे, कारण पुढे केस गळू लागल्यास तुलनेला आधार राहतो. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे माप. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली असू शकते आणि तसे असल्यास लोह कमी आहे असेच समजावे लागते. ‘रक्त चांगले आहे’ हे ऐकून समाधान मानणाऱ्या स्त्रियांची लोहकमतरता येथेच नजरेआड होते. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी वजन बरेच उतरल्यावर टीएसएच पुन्हा तपासून घ्यावे लागते, कारण पूर्वीची मात्रा आता अधिक ठरू शकते आणि अधिक मात्रेनेही केस गळतात.

त्वचारोगतज्ज्ञ केसांची छोटी बट बोटांत धरून हलकेच ओढून पाहतात आणि भिंगाने डोक्याची त्वचा तपासतात. गोल चकत्या पडणे, खाज, खपल्या, वेदना, भुवयांचे केस जाणे किंवा फक्त भांगाची रेघ रुंदावत जाणे ही लक्षणे वेगळ्या विकारांकडे बोट दाखवतात आणि तेथे वजन घटल्याचे कारण पुढे करून वाट पाहणे घातक ठरते. सहा महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या सर्वदूर गळतीचे दीर्घकालीन टेलोजेन एफ्लुव्हियम हे रूप त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड व्हाइटिंग यांनी १९९६ मध्ये वर्णिले असून ते मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांत दिसते.

आहार : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उतरत असताना आहारतज्ज्ञ हे प्रमाण साधारण १.२ ग्रॅमच्या आसपास नेतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच. सत्तर किलो वजनाच्या स्त्रीला याचा अर्थ दिवसाला ८० ग्रॅमच्या पुढे असा होतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि वाटीभर शिजलेल्या वरणात पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतात, हे ध्यानात घेतले तर केवळ वरण-भातावर हा आकडा गाठणे अशक्य असल्याचे कळते. दोन घासांत पोट भरत असताना तर नाहीच. म्हणून जेवताना प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, भात-पोळी नंतर, हा सल्ला या औषधांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. पिठले, मोडाच्या मटकीची उसळ, घट्ट दही, सोयाबीनचे पदार्थ, उकडलेली अंडी, वाफवलेले मासे हे थोड्या आकारमानात अधिक देणारे आणि घरात रुळलेले पदार्थ आहेत. हळिवात लोह भरपूर असते, पण हळिवाच्या लाडवातील गूळ, नारळ आणि तुपाचा हिशेबही धरावा लागतो. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोहाचे शोषण घटते, तर लिंबू किंवा आवळ्याने ते वाढते. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो आणि वजनाच्या या औषधांनीही होतो. दोन्ही एकत्र असह्य झाल्यास गोळी एक दिवसाआड घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलता येते, कारण लोहसाठा कमी असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात या पद्धतीने शोषण चांगले झाल्याचे दिसले आहे.

औषधे आणि पूरके : केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन सर्वांत लोकप्रिय असले, तरी त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांतील थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या निदानात वापरल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे अहवाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. केसगळतीचे कारण शोधण्यासाठी केलेली तपासणीच केसांच्या गोळीने बिघडावी, हा प्रकार विचित्र असला तरी खरा आहे. पूरकांचा अतिरेकही निरुपद्रवी नसतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये अनेकांचे केस अचानक गळले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातून शरीरात गेलेल्या सेलेनियम या खनिजाच्या अतिरिक्त प्रमाणाशी जोडला. सेलेनियम हे केसांच्या अनेक बहुजीवनसत्त्वी गोळ्यांतला नेहमीचा घटक आहे. कमतरता तपासणीत दिसली तर ती भरून काढावी. न दिसता चार-चार बाटल्या रिचवण्यात अर्थ नाही.

मिनॉक्सिडिल डोक्याला लावल्याने हॉर्मोनजन्य गळतीत फायदा होतो. निव्वळ टेलोजेन एफ्लुव्हियममध्ये त्याची गरज बहुधा पडत नाही, आणि वापर सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढू शकते, हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरून ते सोडते.

वजनाचे औषध बंद करणे हा उपाय पुष्कळींच्या मनात प्रथम येतो. पण विश्रांतीत गेलेले केस औषध थांबवले तरी गळतातच, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. मात्रा वाढवण्याचा पुढचा टप्पा लांबवणे, उलट्या-मळमळ आटोक्यात आणून जेवण सावरणे आणि वजन उतरण्याचा वेग मंदावणे हे मधले मार्ग डॉक्टरांच्या संमतीने निवडता येतात. मधुमेह असलेल्या स्त्रीने स्वतःच्या मनाने मात्रा बदलणे धोक्याचे असते.

क्रम आणि दैनंदिन काळजी : कारण आटोक्यात आल्यापासून साधारण तीन ते सहा महिन्यांत गळती थांबते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने वेणीची जाडी पूर्ववत दिसायला एक-दीड वर्ष लागते. वजन वर्षभर उतरतच राहिले तर गळतीही लांबू शकते. तो उपचार फसल्याचा पुरावा नव्हे. कपाळाच्या कडेला उभे राहणारे बारीक आखूड केस हे नवी वाढ सुरू झाल्याचे चिन्ह असते. तेलाने आणि शिकेकाईने केसांचा पोत सुधारतो, पण विश्रांतीत गेलेले मूळ त्यामुळे परत वाढीला लागत नाही. त्याचबरोबर केस गळतील या भीतीने न्हाणे टाळण्यानेही काही साधत नाही, कारण सुटलेले केस पुढच्या न्हाण्याला एकदम निघतात आणि धक्का मोठा बसतो. घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली वेणी, केस सरळ करण्याची रसायने आणि उष्ण उपकरणे या काळात टाळणे बरे. केस खांद्यापर्यंत कापल्यास ते दाट दिसतात. गंगावन किंवा आजचे क्लिपने लावायचे टॉपर वापरण्यात संकोच करण्याचे कारण नाही, फक्त त्यांचा भार एकाच बटेवर पडू नये.

मनस्तापाची बाजू वैद्यकीय लेखनात थोडक्यात उरकली जाते. वजन उतरल्याबद्दल चारचौघांत कौतुक चालू असताना घरी गुंतवळ गोळा करणारी स्त्री ही चिंता बोलून दाखवत नाही, विशेषतः इंजेक्शन घेत असल्याचे तिने कोणाला सांगितलेले नसेल तेव्हा. उपचार सुरू करतानाच डॉक्टरांनी ही शक्यता आणि तिचा कालावधी सांगितला, तर निम्मी धास्ती उरत नाही.

गर्भनिरोधन आणि गर्भधारणेचा विचार यात वेगळा करावा लागतो. टिर्झेपॅटाइडमुळे तोंडी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटू शकतो, म्हणून उपचार सुरू झाल्यावर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन वापरण्यास किंवा गोळीऐवजी दुसरी पद्धत स्वीकारण्यास सांगितले जाते. गोळी अशी बंद केल्यानेही काही महिन्यांनी केस गळू शकतात. गर्भधारणेचा बेत असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात, आणि मिनॉक्सिडिलही गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात वापरत नाहीत.