जामीन (गोव्यातील फौजदारी न्यायालये)

अटकेतील आरोपीला तारखेला हजर राहण्याच्या हमीवर मोकळे ठेवण्याची कायदेशीर सोय. पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात अजून बराचसा लागू असल्याने फौजदारी कायदाही वेगळा असावा, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. येथेही १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिताच (फौजदारी प्रक्रियेचा देशभरचा कायदा) चालते; खालील कलमे तिचीच.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो व तो पोलीस ठाण्यातही मिळतो (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही असे नव्हे. द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नाकारला तर सत्र न्यायालय, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरी येथील गोवा खंडपीठ. अटकपूर्व जामिनासाठी थेट या दोहोंपैकी एकाकडे जावे लागते. अमली पदार्थांच्या प्रकरणांत मात्र वजन निर्णायक: चरस १ किलो, गांजा २० किलो किंवा एमडीएमए १० ग्रॅमहून जास्त सापडल्यास जामीन फार कठीण.

तपास मुदतीत संपला नाही तरीही जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). दहा वर्षे वा अधिक कैद, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, इतरांत ६०. मोजणीत हमखास घोळ होतो. दिवस अटकेपासून नव्हे, पहिल्या कोठडीच्या आदेशापासून मोजतात आणि तो दिवसही धरतात. ३ मार्चच्या रात्री अटक व ४ मार्चला कोठडी झाली, तर साठावा दिवस २ मे. आरोपपत्र आले नसेल तर ३ मे रोजी न्यायालय उघडताच अर्ज द्यावा. त्याआधी आरोपपत्र दाखल झाले की हा हक्क गेला.

आदेश मिळूनही सुटका अडते ती बहुधा जामीनदारापायी. जातमुचलक्यावर आरोपीची स्वतःचीच सही पुरते. जामीनदार मात्र ऐपतीचा लागतो. त्यासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा दाखला) दिला आणि त्यावर डझनभर सहहिस्सेदार निघाले, तर एकट्याची ऐपत किती, असा प्रश्न येतो. परप्रांतीय मजुराला तर स्थानिक जामीनदार मिळणेच अवघड. जामीनदार त्याच जिल्ह्याचा हवा असा हट्ट धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन मानून त्याला जातमुचलक्यावर सोडायचे असते. वकिलाने ते न्यायालयाच्या नजरेस आणावे.

आरोपी तारखेला गैरहजर राहिला, तर मुचलका जप्त होऊन वॉरंट निघू शकते आणि हमीची रक्कम जामीनदाराकडून वसूल केली जाते.