बांज: महसुलाच्या वहीत न बसलेलं झाड

उन्हाळ्यात उत्तराखंडातल्या वणव्यांच्या बातम्या आल्या की दोन झाडांची नावं हमखास कानावर येतात. चीड, म्हणजे तिथला पाइन, पेटतो म्हणून. आणि बांज, म्हणजे तिथला सदाहरित ओक, कमी होत चाललाय म्हणून. चीड खलनायक, बांज बिचारा, अशी सोपी मांडणी केली जाते. पण या दोघांचं भांडण झाडांनी लावलेलं नाही. ते बऱ्याच अंशी कचेरीत लागलं.

आधी झाडाची ओळख करून घ्यायला हवी, कारण सह्याद्रीत मूळचा ओक कुठेच नाही. (आपल्याकडचे ओक आडनावात भेटतात, त्यांचा इथे काही संबंध नाही.) बांजाचं पान वरून गडद हिरवं, चामड्यासारखं टणक, कडेला करवतीचे दात. उलटं करून बघितलं की खाली पांढुरकी, मऊ लव. वारा सुटला की अख्खा उतार घटकाभर रुपेरी होतो तो त्यामुळेच. क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा या शास्त्रीय नावातही तीच पांढरी लव आहे. पूर्वीचं नाव होतं इन्काना, पण ते अमेरिकेतल्या एका ओकला आधीच दिलेलं होतं, म्हणून बदलावं लागलं. वसंतात नवी पालवी गुलाबी-जांभळट फुटते आणि त्याच सुमारास जुनी पानं गळतात, त्यामुळे झाड कधी बोडकं दिसत नाही.

साधारण १,५०० ते २,२०० मीटर उंची ही बांजाची. त्याच्या वर मोरू नावाचा ओक, त्याहून वर, चोपता-तुंगनाथच्या वाटेवर लागतो तो खरसू. खरसूचं बी ऐन पावसाळ्यात पिकतं आणि पडल्या पडल्या, कधी तर झाडावरच, रुजायला लागतं. ते साठवून ठेवता येत नाही. पाऊस हुकला की त्या वर्षीचं बी गेलं. या कुटुंबातला रियांज तर उत्तराखंडात तुरळकच दिसतो. खरा दुर्मीळ तो, पण इतिहास घडला बांजाभोवती, कारण गावं बांजाच्या पट्ट्यात वसलेली.

बांजाच्या रानात बुरांस (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) आणि काफळ हे रानफळाचं झाड असतं, खोडांवर शेवाळ आणि नेचे. चीडच्या उतारावरून आत शिरलं की हवेतला गारवा अंगाला कळतो. खाली कुजलेल्या पानांचा जाड थर असतो, पाय रुतेल इतका मऊ. तो पावसाचं पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. गावाचा झरा बांजाच्या मुळांतून येतो, असं पहाडी माणूस सांगतो. हे शब्दशः घेऊ नये, खालच्या खडकाची ठेवणही तितकीच महत्त्वाची असते. पण उतारावरची माती कोण धरून ठेवतं हे त्याला बरोबर कळलेलं आहे. हिवाळ्यात गवत संपलं की गाईम्हशींना बांजाचा पाला, गोठ्यात अंथरायला त्याचीच वाळकी पानं, त्यांचं पुढे शेणखत, चुलीला लाकूड, नांगराला लाकूड. गावाचा सगळा संसार या झाडावर.

सरकारचा मात्र काहीच नाही. १८१५ मध्ये कुमाऊँ इंग्रजांकडे आला. रेल्वेला स्लीपर हवे होते, त्यासाठी आधी देवदार तोडला गेला. पुढे औषध मुरवून चीडचे स्लीपर टिकवता येऊ लागले, आणि चीडच्या खोडाला चीर देऊन काढलेल्या लिशापासून, म्हणजे राळेपासून, टर्पेंटाइन मिळू लागलं. बांजाचं लाकूड जड, वाळताना वाकडं होणारं. कोळसा पाडायला आणि छावण्यांच्या चुली पेटवायला ठीक, एवढीच त्याची किंमत. १८९३ मध्ये मोजणीबाहेरची सगळी जमीन संरक्षित वन ठरली आणि १९११ ते १९१७ च्या दरम्यान मोठाले पट्टे राखीव झाले. चराई, पाला, लाकूड, सगळ्यावर नियम आले.

१९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत वेठबिगारीच्या वह्या शरयूत बुडवल्या गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची राखीव जंगलं पेटली. लोकांनी पेटवली ती मुख्यतः चीडची. सरकारने तक्रार समिती नेमली. तिने सुचवलेली वाटणी मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत बोलकी वाटते: धंद्याच्या दृष्टीने मोल नसलेली बांजासारखी रुंद पानांची जंगलं पहिल्या वर्गात टाकून महसूल खात्याकडे द्यावीत, चीड-देवदारासारखी कमाईची दुसऱ्या वर्गात वनखात्याकडेच राहावीत. म्हणजे ज्यावर गाव जगत होतं ते 'बिनमोल' म्हणून मोकळं सुटलं, आणि त्याची देखभाल करणारं कुणी उरलं नाही. १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावाने आपलं रान आपणच सांभाळायचे, नियम आले, काही गावांनी आपली बांजाची रानं उत्तम राखली. बाकी ठिकाणी ओरबाडणं चालू राहिलं.

हे ठसठशीतपणे लिहिलं गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी. वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींच्याही आधी राहायला गेलेल्या याच त्या. स्वातंत्र्यानंतर त्या ऋषिकेशजवळ आणि मग भिलंगना खोऱ्यात राहिल्या. खाली गंगेचे पूर पाहून त्यांनी कारण वर शोधलं: बांज हटतोय, त्याच्या जागी चीड चढतोय.

चिपको, म्हणजे झाडांना कवटाळून तोड अडवण्याचं आंदोलन, म्हटलं की चमोलीतल्या रैणी गावचा १९७४ चा प्रसंग आठवतो. बांजासाठीचा झगडा मात्र १९८० मध्ये चमोलीतल्या डुंगरी-पैंतोलीत झाला. बांजाचं रान तोडून तिथे बटाट्याची सरकारी शेती होणार होती, बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज. गावातल्या पुरुषांना सौदा पटला. बायकांना नाही, कारण पाला-लाकडासाठी रोजचे कोस त्यांनाच वाढणार होते. त्या आपल्याच घरच्यांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि रान वाचलं.

१९८१ मध्ये हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. ती चीडलाही लागू, त्यामुळे बांजाच्या जागेत घुसलेला चीडही सुखरूप. आणि वस्तीजवळचा बांज पाहिला तर फांद्या वर्षानुवर्षं छाटलेल्या, शेंड्याला पाल्याचा झुपका तेवढा उरलेला. अशा झाडाला फळ धरत नाही. धरलंच तर ते जड, बुंध्याशीच पडतं, लंगूर आणि अस्वलं उचलतात. चीडच्या बीला पंख असतो. जरा उघडी जागा दिसली की ते वाऱ्यावर तिथे पोहोचलेलं असतं.